चहाच्या टपरीपर्यंत आलेला आवाज

ही गोष्ट माझ्या बाबांना माहीत नाही. खोलीवर माझ्यासोबत राहणाऱ्या मित्रालाही नाही. एकदोनदा सांगायला बसलो होतो — मग विषय बदलला. कॉलेजच्या अंकासाठी सरांनी लेख मागितला तेव्हा झाडांवर लिहिणार होतो. लिहायला घेतलं, आणि हे आलं. तर आता तुम्हालाच सांगतो.

आधी एक सांगून टाकतो. मी दुःखी नाही. अशा लेखात माणूस झोप उडाल्याचं लिहितो. माझी झोप चांगली आहे. वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मेसचं जेवण आवडतं. सुट्टीत गावी गेलो की बांधावर बसून बिरसीच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं डोक्यावरून गोल फिरताना बघत राहतो. बाबा गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये पोती उचलतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. मिलमधले लोक त्यांना आतापासूनच 'वकिलाचा बाप' म्हणून चिडवतात, आणि बाबा चिडत नाहीत. मी सुखात आहे. हे लपवलं तर तो दुसरा खोटेपणा होईल.

पहिला अजून सांगायचाय.

बी.ए.ला होतो तेव्हाची गोष्ट. सुट्ट्यांमध्ये मी तालुक्याच्या कोर्टातल्या एका वकिलांकडे बसायला लागलो होतो. अर्ज स्वच्छ अक्षरात लिहून द्यायचे, पक्षकारांना कुठं थांबायचं ते सांगायचं. मला वकील व्हायचं होतं, आणि आमच्या सगळ्या नात्यागोत्यात एकही वकील नव्हता. साहेब म्हणाले होते, लॉ कर आणि माझ्याकडेच ज्युनिअर म्हणून ये. त्या एका वाक्यावर मी किती दिवस हवेत होतो — हसू नका.

आमच्या गावची रेवंता मावशी त्यांची पक्षकार होती. ती नात्याची मावशी नाही. माझ्या आईची रोवण्यातली, म्हणजे धानाच्या लावणीतली, सोबतीण. नवरा वारल्यावर दिराने तिची नहराजवळची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, आपल्या शेतात ओढून घेतली. तिच्याकडे कालव्याचं पाणी मिळणारी जमीन तेवढीच होती. तिने दावा लावला. वकील मीच सुचवला होता. तारखेला ती पहिल्या बसने यायची आणि कोर्टाच्या दाराजवळ उभी राहायची. बसायची नाही. पुकारा चुकेल म्हणून.

तुम्ही कधी कोर्टात गेला नसाल तर — प्रकरण निघालं की शिपाई दारात येऊन दोन्ही पक्षांची नावं मोठ्याने तीनदा पुकारतो. दावा लावणाऱ्याच्या बाजूने कोणीच उभं राहिलं नाही, तर दावा गैरहजेरीत खारीज होऊ शकतो. खरं कोणाचं, खोटं कोणाचं, हे बघायची वेळच येत नाही. म्हणजे एखादीचा दावा बुडवायचा तर साक्षीदार फोडायला नको, कागद गायब करायला नको. ती दारापासून लांब असली की झालं.

त्या दिवशी मावशीचा नंबर बोर्डावरच्या यादीत बराच खाली होता. साहेबांनी मला बाजूला बोलावलं. तिच्या दिराला काही दिवस आधी मी साहेबांच्या घरच्या अंगणात खुर्चीवर बसलेलं बघितलं होतं — बघितलं, आणि बघितलं नाही असं केलं होतं. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "रेवंताबाईला चहा पाजून आण. आरामसे. घाई नको करू." आणि जाता जाता, "तिचा नंबर वर घेऊन राहिले आज." मग ते स्वतः दुसऱ्या कोर्टात जाऊन बसले.

त्यांनी यापेक्षा जास्त सांगितलं नाही. मला जास्त सांगावं लागलंही नाही. मला काही समजलंच नव्हतं, असं म्हणता येईल का? कोर्टात कदाचित येईल. पण मावशीकडे जाताना मी मनात टपरी निवडत होतो — फाटकासमोरची नको, बसस्टँडजवळची बरी.

ती यायला तयार नव्हती. मी म्हणालो, तुझा नंबर जेवणानंतर येतो, मी बोर्ड वाचून आलोय. तिला वाचता येत नव्हतं. आली.

टपरीवर ती माझ्याबद्दलच बोलत होती. गावात वकील झाला की आपल्याला कोणाच्या मागे फिरावं लागणार नाही, असं काहीतरी. "पन माई केस फुकटात लढजो हं," म्हणाली, "नाई त तुया मायले सांगीन." मी हसलो. तेवढ्यात आवाज आला.

शिपाई या सगळ्यात नव्हता. हे मला फार नंतर जाणवलं. त्याला कोणी सांगितलंच नसावं. तो रोजच्यासारखा छाती भरून ओरडला. आधी मावशीचं नाव, मग दिराचं. आवाज रस्ता ओलांडून टपरीपर्यंत आला. मावशीचा कप ओठांजवळ थांबला.

"कोनी आवाज देऊन रायलं का बाबू?"

आता सांगतो. याच्याभोवतीच इतका फिरत होतो. मी ऐकलं होतं. स्पष्ट, नावानिशी. अजून दोन पुकारे बाकी होते. तिचा हात धरून धावलो असतो तर पोचलो असतो. मी म्हणालो, "नाही वो मावशी. कंडक्टर ओरडून राहिला. तू चहा घे." आणि लगेच विचारलं, यंदा लाखोळीचं पीक कसं झालं? ती सांगायला लागली. दुसरा पुकारा तिच्या बोलण्याखाली गेला, तिसरा एका ट्रकच्या हॉर्नखाली. मला दोन्ही ऐकू आले.

परत गेलो तेव्हा दावा खारीज झाला होता. साहेब चार लोकांदेखत तिच्यावर उखडले, "काऊन गायब झाली बाई तू? मामला तो गया." मावशीने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता माझं नाव घेणार. ती म्हणाली, "मलेच तलफ आली साहेब. पोरगा नाईच म्हनत होता."

तिला वाटलं, साहेब मला काढून टाकतील.

असा दावा मुदतीत अर्ज केला तर पुन्हा चालू करून मागता येतो. साहेबांनी ते तिला सांगितलं नाही. मी लॉला आलो तेव्हा शिकलो. तोवर मुदत केव्हाच गेली होती. पण उशीर माफ करा, असंही मागता येतं, हे त्याच धड्यात होतं. त्या पेपरात मला चांगले मार्क पडले. मावशीकडे मात्र गेलो नाही — कारण तिने विचारलं असतं, त्या दिवशी नक्की काय झालं होतं.

त्यानंतर साहेबांकडे पाऊल टाकलं नाही, असं लिहायला आवडलं असतं. पण पुढच्या सुट्टीतही गेलो होतो.

बांधी दिराकडेच आहे. मावशी लोकांच्या रोवण्याला जाते. एका वर्षी मजुरीने त्याच बांधीत गेली होती, आई सोबत होती. मी भेटलो की ती हसते, जेवून जा म्हणते, आणि मी जेवतो. पोटभर. एवढंच की, बोलता बोलता कुठून आवाज आला, भाजीवाल्याचा, पोराला हाक मारणाऱ्या कोणा बाईचा, की ती मध्येच थांबते. कान देते. मग पुन्हा बोलायला लागते.

तिची नात यंदा आमच्याच कॉलेजात वकिलीच्या पहिल्या वर्षाला आली आहे. हा अंक ती घरी नेईल आणि आजीला वाचून दाखवेल. शाळेची पुस्तकंसुद्धा ती आजीला वाचून दाखवायची. म्हणून शेवटचं तिच्यासाठी, तिला समजेल असं लिहितो.

मावशी, आवाज आला होता. तुलेच बलावून रायले होते. मले आयकू आला होता.