न उडणाऱ्या विमानाची धास्ती

भुताला घाबरणारी माणसं मी पाहिली, सापाला घाबरणारीही पाहिली. पण ‘साधारण’ या शब्दाला घाबरणारा माणूस उभ्या पालघर तालुक्यात एकच, माझे भावोजी. कुंभवलीलगतच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडमध्ये आम्ही दोघं नोकरीला होतो. तिथे वैमानिकांच्या सरावासाठी नकली विमान बनायचं. खुर्ची, दांडे, काटे, भोंगे सगळं खऱ्यासारखं, फक्त जमीन सोडायचं नाही. ते कधी कसं वागायला हवं, हे आधी लिहून काढणं भावोजींचं काम आणि मी त्यांचा मदतनीस. ‘लवकर’, ‘पुरेसं’, ‘असेल’ असं काही माझ्या कागदावर दिसलं की त्यांना घाम फुटे. ‘वेग फार कमी झाल्यास भोंगा वाजावा’ असं मी लिहिलं, तर म्हणाले, “फार म्हणजे किती? जोडणाऱ्याच्या मनाला येईल तितका?” ‘काळजीपूर्वक’ हा शब्द तर ते दोनदा खोडत. “काळजी मोजता येत नाही. मोजता येत नाही ते लिहायचं नाही!”

घरीही तेच. ताईने “थोडी कोथिंबीर आणा” म्हटलं की बोईसरच्या बाजारातून पिशवी रिकामीच परत यायची. एका दुपारी वरणभाताचा घास हातात धरून ते थिजले. “बाहेर धो धो पाऊस असला तरी भोंगा ऐकू यायला हवा, हे लिहिलंय का आपण?” उष्ट्या हाताने शेडकडे स्कूटर काढली आणि मी मागे जीव मुठीत धरून बसलो. लिहिलेलं होतं, त्यांच्याच अक्षरात. वायरिंग करणारा चिंचणीचा गडी हसायला लागला. “साहेब, ह्ये इमान उडनार नाय. मग तुमी भेता कशाला?”

“यात शिकलेलं माणूस उडणार आहे,” भावोजी म्हणाले. त्यांचा हात अजून उष्टाच होता.

पुढे त्यांची एकुलती एक लेक विमान उडवायला शिकायला गेली, आणि तिथे सरावाला होतं ते आमच्याच शेडमधून गेलेलं यंत्र. त्यानंतर भावोजींना हसणं मला जमलं नाही. ते जेवताना मधेच थांबत आणि माझ्याकडे बघत. “चुकीचे शब्द सगळे खोडले रे. पण जे लिहायचं सुचलंच नाही, त्याचं काय?” त्या मसुद्यातली निम्मी वाक्यं माझी होती, आणि रात्री मीही ती मनात पुन्हा वाचून काढायचो.

सुट्टी संपवून भाची परत निघाली. आता शिक्षक शेजारी नसताना, एकटीने, खरं विमान उडवायचं होतं. बोईसर स्टेशनवर गाडी हलली तेव्हा भावोजी खिडकीचा गज धरून चालू लागले.

“सांभाळून चालव गं.”

ती हसली. “सांभाळून म्हणजे नेमकं काय, बाबा?”

गज हातातून सुटला तेव्हा कुठे भावोजींना शब्द फुटले, “परत ये.”

गाडी दिसेनाशी झाली तरी ते हलले नाहीत. “तिला ऐकू गेलं का रे?”

“गेलं असेल,” मी म्हणालो.

भावोजींनी मान हलवली. तो ‘असेल’ त्यांनी मला खोडायला लावला नाही.