दादाचे उत्तनमधले पंधरा दिवस

माझा दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. जन्माच्या वेळी त्याच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला, असं आई सांगायची. पाय आखडलेले, उजवा हात अर्धवट चालणारा, आणि बोलायला सगळे मिळून पंधरा-वीस शब्द. आईवडील गेल्यावर तो माझ्याकडे मीरा रोडला आला. त्याला उठवणं, आंघोळ घालणं, भरवणं सगळं मीच करते. घरीच मुलांच्या शिकवण्या घेते, त्यामुळे जमतं. त्याच्यासाठी मी लग्न केलं नाही, असं बिल्डिंगमध्ये समजतात. ते खरं नाही, पण ते मी कधी खोडूनही काढलं नाही.

दोन वर्षांपूर्वी माझं गर्भाशय काढायचं ठरलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "दीड महिना पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही."

"आणि माणूस?" मी विचारलं.

त्या हसल्या. मी हसले नाही.

शेजारची गुजराती वहिनी म्हणाली, "दो-तीन दिन तो हम देख लेंगे, दीदी." मनापासून म्हणाली, पण दादाला उचलणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. डोंबिवलीच्या मावसभावाने घर लहान असल्याचं सांगितलं. शेवटी दादाला व्यायाम द्यायला येणाऱ्या बाईंनी भाईंदरजवळ समुद्राकाठच्या उत्तन गावातल्या एका घराबद्दल सांगितलं. तिथे अशा माणसांना थोड्या दिवसांपुरतं ठेवून घेतात. गावात सगळे त्या घरच्या बाईंना आंटी म्हणतात.

आंटी साठीच्या पुढच्या. कॉटनचा फुलाफुलांचा गाऊन, गळ्यात क्रूस, आवाज बाजारात कमावलेला; भाईंदरच्या मार्केटात त्यांनी वीस वर्षं मासळी विकलेली. खालच्या मजल्यावर तीन खाटा, आणि मदतीला नर्सचं शिकलेली सून. त्यांची स्वतःची मुलगी दादासारखीच होती. सव्वीस वर्षांची होऊन गेली.

"तिला सोडून मी कुठं गेले न्हाय," आंटी म्हणाल्या. "माझा बाप गेला तेव्हा पोचले ते माती झाल्यावर. दोन दिवस तिला बघणारं कोण असतं ना, तर बापाचं तोंड दिसलं असतं. म्हणून हे घर हाय. पण पंधरा दिवसांच्या वर मी कोणाला ठेवत न्हाय. ज्याचं माणूस त्यानं न्यायचं."

मग त्यांनी वही काढली. मी सांगत सुटले. तो स्वतः उठत नाही, हाताने जेवत नाही, एकटा बसत नाही, मिक्सरच्या आवाजाला घाबरतो. आंटींनी मिक्सरचं तेवढं लिहून घेतलं आणि पेन थांबवलं.

"हे न्हाय ते न्हाय, झालं ना सांगून. आता त्याला येतं काय, ते सांग बाय."

अकरा वर्षं मी दादाचं सगळं करत होते, आणि हे आठवायला मला आईच्या स्वयंपाकघरापर्यंत मागे जावं लागलं. म्हटलं, "त्याला लसूण सोलता येतो. आई सोलायला द्यायची."

"आणि तू?"

मी देत नव्हते. त्याला एक पाकळी सोलायला पाच मिनिटं लागतात, आणि मला शिकवणी असते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दादाला सोडून आले. तो रडला नाही, नुसता रिक्षाकडे बघत राहिला. त्यापेक्षा रडला असता तर बरं वाटलं असतं. बिल्डिंगच्या गेटवर एका काकूंनी विचारलं, "ठेवून आलीस वाटतं त्याला?" मी हो म्हटलं आणि जिना चढले.

आंटी रोज संध्याकाळी पाचला फोन करायच्या. उगाच धीर द्यायचा नाही, ही त्यांची रीत. दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलच्या खाटेवर होते, तेव्हा म्हणाल्या, "आज जेवला न्हाय. पाणी प्यायला. सुनेनं तपासलाय, ताप न्हाय."

"मी फोनवर बोलू त्याच्याशी?"

"नको. तुझा आवाज ऐकला तर तुझीच वाट बघत बसेल."

मला त्यांचा राग आला. त्या रागातच झोपले.

तिसऱ्या दिवशी फोन आला, "जेवला. दोन भाकऱ्या आणि कालवण."

"भरवलंत कसं?"

"भरवला कोणी? आम्ही सगळी दारापुढच्या ओट्यावर जेवायला बसलो, त्याच्यापुढं ताट ठेवलं आणि कोणी त्याच्याकडं बघितलं न्हाय. अर्धं सांडलं. उरलेलं पोटात गेलं."

पंधराव्या दिवशी त्याला आणायला गेले. दादा ओट्यावर खुर्चीत बसला होता, मांडीवर सूप आणि सुपात लसूण. मला बघून ओरडेल, रडेल असं वाटलं होतं. त्याने मान वर केली, ओळखीचं हसला आणि म्हणाला, "थांब." हातातली पाकळी सोलून झाल्यावरच त्याने माझ्याकडे हात केला.

आंटींनी मला आतली भिंत दाखवली. कमरेच्या उंचीवर होडीचा जाड दोर ताणून बांधलेला होता, खाटेपासून मोरीपर्यंत. घरी भिंतीला लावलेला स्टीलचा दांडा दादाच्या हातातून निसटायचा, दोरावर मात्र त्याची पकड बसत होती. आंटींनी त्याच्या कमरेमागे नुसता तळवा धरला, आणि दादा दोर ओढत स्वतः उठला. पाय थरथरत होते. पण उभा होता.

मला रडू आलं, आणि त्यात आनंदाइतकीच लाजही होती. "मी त्याला उगाच उचलत राहिले," मी म्हटलं.

"मी पण माझ्या पोरीला सव्वीस वर्षं उचललीच," आंटी म्हणाल्या. "मला पण इथं आलेल्या दुसऱ्यांच्या पोरांनी शिकवलं. चल, चहा घे."

आमच्या फ्लॅटमध्ये आता तसाच दोर आहे. भिंतीला कड्या ठोकायला आलेला सुतार म्हणाला, "मॅडम, नाव बांधनी है क्या?" दीड महिना मी दादाला उचललं नाही. वेळ लागायचा, दोनदा तो घसरून खालीही बसला, तेव्हा वहिनीला हाक मारली. पण निभावलं.

तेव्हापासून दर तीन महिन्यांनी दादा चार दिवस उत्तनला जातो. आता माझ्या आजारपणाची सबब लागत नाही. पहिल्या वेळी मी त्या चार दिवसांत काहीच केलं नाही, दुपारी झोपले आणि भाईंदरला केबिन रोडच्या बाजारात उगाच भटकून एक चादर घेतली. अपराधी वाटलं, पुढच्या वेळी थोडं कमी.

गेल्या महिन्यात मी दिवस ठरवायला फोन केला, तर आंटी म्हणाल्या, "या आठवड्यात न्हाय जमणार बाय. घर बंद ठेवलंय. मी वसईला बहिणीकडं चाललेय, बोटीनं."

"सगळं ठीक ना?" मी घाबरून विचारलं.

"ठीक हाय. नुसती बसायला चाललेय."

मी त्यांना म्हटलं, सावकाश या.