मधे बोलू नका

"मधे बोलू नका हां, भाऊ." मूर्तीच्या डोळ्याला ब्रश टेकवण्याआधी ती हे म्हणायचीच. ती माझ्याकडे गणपतीचे डोळे आखायला होती. कारखाना माझा, मूर्ती माझ्या, तरी मी गप्प बसायचो. डोळ्यांची आखणी चालू असताना तुम्ही कधी हमरापूरच्या कारखान्यात डोकावला असाल, तर ती शांतता तुमच्याही ओळखीची असेल.

रेघ झाली की ती श्वास सोडायची आणि मूर्तीलाच म्हणायची, "हां, आता बघा आमच्याकडं."

एकदा एक व्यापारी फोनवर ओरडत आत आला. तिनं मान न वळवता विचारलं, "शेठ, गणपती चकणा हवाय काय?" तो दारातच उभा राहिला.

मग तिचा हात उडायला लागला. रेघ डोळ्याची असायची आणि जायची कपाळावर. ती कापसानं पुसायची. "उंदरानं धक्का दिला," म्हणायची. आम्ही हसायचो.

एका दुपारी ती पाटावरून कोसळली. फिट होती. शुद्धीवर आल्यावर पाणी पीत म्हणाली, "आईचं असंच व्हायचं, रोह्याला. हातातलं ताट उडायचं. मामाचं पण तेच. त्याला तर आता ऐकू पण येत नाय."

"हे कुठं बोलू नको," मी म्हणालो. "पोरीचं ठरतंय ना."

तिच्या मुलीसाठी स्थळ मीच आणलं होतं. कासू गावचं, माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा.

पेणला डॉक्टरांकडे मीच तिला घेऊन गेलो. त्यांनी नीट विचारलं, "आईला, मामा-मावशीला कुणाला असा त्रास?" तिनं तोंड उघडलं. कोपऱ्यात कंपाउंडर गोळ्या मोजत होता. तो कासूचा, बहिणीच्या आळीतला.

"नाही," मी म्हणालो. "कुणालाच नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. डॉक्टरांनी फिटचं नेहमीचं औषध लिहून दिलं. हा एक शब्द मी आजवर कुणालाही सांगितलेला नाही.

काही आठवड्यांत तिला ओकाऱ्या सुरू झाल्या. डोळे पिवळे झाले. आम्ही कावीळ समजून झाडपाला दिला. त्यात आणखी दिवस गेले. शेवटी पेणच्याच डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन मुंबईला मेंदूविकाराच्या तज्ज्ञ बाईंकडे पाठवलं.

त्यांनीही तोच प्रश्न विचारला. मी खुर्चीत पुढे सरकलो. तिनं हात माझ्यासमोर आडवा धरला. "मधे बोलू नका, भाऊ." आणि तिनं सगळं सांगितलं. आई, मामा, ताट, बहिरेपण.

बाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. "हे औषध आत्तापासून बंद. दुसरं देते." मग रक्त तपासलं, मांडीच्या स्नायूचा तुकडा काढला. निदान आलं तेव्हा त्यांनी कागदावर पेशी काढून दाखवली. पेशीला शक्ती पुरवणारे बारीक कण असतात, मायटोकॉन्ड्रिया. हिच्या कणांतच दोष, आणि हे कण आईकडूनच मुलांना मिळतात. आजार मुळातून बरा होत नाही, पण सांभाळता येतो. मात्र अशा माणसाच्या यकृतावर पेणचं ते औषध उलटू शकतं.

"आईचा त्रास आधीच्या डॉक्टरांना सांगितला नव्हता?" त्यांनी विचारलं.

मी फायलीतले कागद जुळवायला लागलो.

"माझ्या ध्यानात नाय आलं," ती म्हणाली.

कासूच्या घरी ती स्वतः गेली आणि सांगून आली. स्थळ मोडलं. मुलीची तपासणी झाली. दोष तिच्यातही आहे, अजून त्रास नाही. कुठलं औषध घ्यायचं नाही त्याचा कागद ती पर्समध्ये ठेवते. मला अजून काका म्हणते. हे सगळं लिहितोय ती वही मी आधी त्या पोरीलाच वाचायला देणार आहे.

तिच्या आईचं यकृत मात्र सावरलं नाही. जायच्या पंधरा दिवस आधी ती कारखान्यात आली, "एक डोळा करते" म्हणाली. मी तिचं कोपर धरलं. तिनं ब्रश काळ्या रंगात बुडवला, पण मूर्तीला टेकवला नाही. ती मला गप्प राहायला सांगेल म्हणून मी वाट बघत होतो.

"आता बोला, भाऊ," ती म्हणाली. "मी ऐकतेय."

कोपर माझ्या हातात झटके देत होतं. कारखान्यात आम्ही दोघंच होतो.

"रंग जरा घट्ट झालाय," मी म्हणालो.

मग तिनं वाटीत दोन थेंब पाणी टाकलं आणि ढवळत बसली.