घोसाला आठ फुलं

"सगळी फुलं म्हटलं होतं मी! सगळी!" तेमाउरीने टोपी टेबलावर आपटली. "निम्मी तशीच गळून गेली!"

"टोपी उचल. तिथे जेवायचंय," त्याची बायको हिनाराई म्हणाली.

"पापीतेहून रेडिओवर निरोप धाडला होता. ऐकला नाहीस?"

"ऐकला की. बातम्यांनंतर त्या बाईने वाचून दाखवला, अख्ख्या ताहा बेटाने ऐकला. चर्चमधल्या बायका अजून हसताहेत."

बोटीवर खोबऱ्याची पोती वाहणारा तेमाउरी पापीतेच्या विधानसभेत गेला तो एका छपरामुळे. वादळात शाळेचं छप्पर उडालं आणि नव्याची मंजुरी फ्रेंच सरकारकडून, थेट पॅरिसहून यायला चौदा महिने लागले. तेव्हापासून प्रत्येक सभेत त्याचं एकच म्हणणं: ज्यांनी छप्पर पाहिलं नाही, त्यांनी ते ठरवू नये. सात वर्षं समित्यांमध्ये बसून हेच घोकलं. अखेर गेल्या आठवड्यात नवा कायदा झाला. आपलं सरकार, आपले मंत्री. धक्क्यावर लोकांनी घातलेले तीन हार अजून त्याच्या गळ्यात होते.

"व्हॅनिलाला भाव आलाय, म्हणून सांगत होतो," तो आवाज जरा खाली आणत म्हणाला.

"वेलीला भाव कळत नाही. घोसाला आठच फुलांची लग्नं लावली मी, रोज पहाटे उठून, काडीने पराग लावत. जास्त शेंगा धरल्या की वेल दमते. गेल्या वर्षी तुझ्या भावाने ऐकलं ना तुझं? जा, बघून ये त्याचा मळा."

कोपऱ्यात अळूचे कंद सोलणाऱ्या त्याच्या म्हाताऱ्या आईने, तेतुआने, मान वर केली. "काय रे पोरा, ते छपराचं काय म्हणायचास तू?"

तेमाउरी बाहेर पडला. कुंपणापलीकडे भावाच्या वेली पिवळ्या पडून खांबांवर सुकल्या होत्या. नव्या लावल्या तरी तीन वर्षं शेंग धरायची नाही. अलीकडे हिनाराईच्या वेलींची पानं जाड, हिरवीगार होती. त्याने घोस मोजले. आठ, आठ, सात, आठ. एका शेंगेवरून बोट फिरवलं आणि स्वतःशीच हसला.

घरात आला तेव्हा नारळाच्या दुधातला मासा वाढून झाला होता. त्याने टोपी खुंटीला अडकवली, गळ्यातला एक हार आईला घातला, एक बायकोला, आणि जेवायला बसला.

"यापुढे मळ्यातलं सगळं हिनाराई ठरवेल," तो म्हणाला. "मला विचारायचं नाही. आणि रेडिओवर निरोप यायचा नाही."