अडकणारी गाडी

बोर्डवालीच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कोणी मशीन जास्त वेगानं पळवून घ्यायला आणलं की ती आधी गिऱ्हाइकालाच दम द्यायची. "अजून पळव, अजून पळव करू नका. मदरबोर्ड जळला की माझ्याच नावानं खडे फोडाल." मग ती बायोस उघडायची, म्हणजे कॉम्प्युटर पुरता जागा होण्याआधीची, मदरबोर्डच्या पोटातली सेटिंग. जुन्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो, मग एका वेळी एकच बदल, मग तापमानावर नजर. व्होल्टेजला ती हातही लावायची नाही. तिच्या हातून आजवर एकही बोर्ड मेला नव्हता, आणि हे सांगितल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही.

घरचं मशीन मात्र तसंच रडतखडत चाललं होतं. नवरा पूर्वी ट्रक चालवायचा. पाठीनं दगा दिल्यापासून तो खुर्चीला खिळला होता. दूरच्या शहरातला मुलगा रविवारी त्याच्याशी ऑनलाइन गाड्यांच्या शर्यती खेळायचा आणि नवरा आठवडाभर त्या एका तासावर जगायचा. उगाच सांगत नाही. दाढीसुद्धा तो फक्त रविवारी करायचा. मग मुलगा म्हणाला, "बाबा, तुमची गाडी सारखी अडकते, मजाच जाते. मशीन सुधारा, मग खेळू." रविवार येत-जात राहिले.

बोर्डवालीनं बाह्या सरसावल्या. रॅम स्वतःच्या कुवतीपेक्षा हळू चालत होती. बायोसमध्ये रॅमसाठी तयारच असलेलं जास्त वेगाचं प्रोफाइल तिनं चालू केलं. पंख्याचा वेग थोडा वाढवला. प्रत्येक बदलानंतर गेम चालवून पाहिला. गाडी सुसाट धावू लागली.

"अगं, वळणावरसुद्धा थांबत नाही!" नवरा पोरासारखा हसला. "कळव त्याला."

तिनं कळवलं. रविवारी नवरा दाढी करून बसला. पडद्याच्या कोपऱ्यात मुलाच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. म्हणजे तो खेळत होता, पण दुसऱ्यांबरोबर. पुढच्या रविवारीही तेच. "आता काय अडकतंय गं?" नवऱ्यानं विचारलं. त्यानंतर त्यानं रविवारचीही दाढी करणं सोडलं.

तिनं दुकानातून मुलाला फोन लावला.

"आई, खरं सांगू? मला कंटाळा येतो गं बाबांबरोबर. तेच ते ट्रकचे किस्से. गाडी अडकते म्हटलं की सुटका व्हायची."

चांगलं खडसावावं असं तिला वाटलं. पण खडसावून आणलेला मुलगा बापाच्या लगेच लक्षात आला असता. फोन ठेवला तेव्हा तिला कळलं, आता आपल्या हातात काही उरलेलं नाही.

दुपारी नवऱ्याचा डोळा लागला तेव्हा ती बायोसमध्ये शिरली. मोबाइलवरचे जुने फोटो समोर धरून तिनं एकेक सेटिंग होती तशी केली. चांगलं चालतं मशीन ती पहिल्यांदाच बिघडवत होती, आणि तेही नेहमीसारखंच जपून.

संध्याकाळी नवऱ्यानं गेम लावला. पहिल्याच वळणावर गाडी अडकली.

"बघ! मशीनच नाठाळ आहे. मी उगाच पोराला मनातल्या मनात बोल लावत होतो." त्याचा चेहरा निवळला. "त्याला सांग, पुन्हा बिघडलंय. सुधारलं की बोलावतो म्हणावं."

तिनं निरोप धाडला. एरवी मुलाचं उत्तर दोन-दोन दिवस यायचं नाही. आज लगेच आलं. 'हरकत नाही. काही घाई नाही.'

"काय म्हणतो?"

"लवकर सुधारा म्हणतोय," ती म्हणाली, आणि नवऱ्यानं दाढीचं सामान मागितलं.