क्विंकेची खूण

सिरुसेरीत बांधकामावर असताना तापाने पडलो आणि चेन्नईच्या सरकारी हॉस्पिटलात भरती झालो. शेजारच्या खाटेवर तंजावरकडचे एक म्हातारे होते. मराठी बोलायचे, पण तमिळ हेल काढून. त्यांच्या हृदयाची झडप गळत होती. नखाचं टोक हळूच दाबलं की प्रत्येक ठोक्याला त्यांच्या नखाखाली लाल-पांढरं व्हायचं. एका जुन्या जर्मन डॉक्टरच्या नावावरून याला क्विंकेची खूण म्हणतात. ती बघायला शिकाऊ डॉक्टर रोज गोळा व्हायचे. खाटेशीच चालणाऱ्या परीक्षेत एखादा अडला, तर म्हातारेच ओठ हलवून त्याला नाव पुरवायचे.

मी सातवीतून शाळा सोडलेली. हे तर तिसरीही शिकले नव्हते, आणि डॉक्टर यांच्या तोंडाकडे बघायचे! माझा जळफळाट व्हायचा. माझ्या खाटेशी कुणी रेंगाळत नसे. इथे मेलो तर गावी कळवणार कोण, या धास्तीने मी चादरीखाली स्वतःचं नख दाबून बघायचो. काही म्हणजे काही उडत नसे.

एकदा न राहवून म्हणालो, "तुमची मजा आहे, आजोबा."

ते हसले. "तंबी, मला बघून ते शिकतात. तुला बघून औषध देतात. तू जाशील घरी."

खरंच, आठवड्याने मला सोडलं. ज्यांनी वाचवलं त्या मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या पाया पडायला वाकलो, तर त्या गोंधळल्या. "कुठला बेड?"

"त्यांच्या शेजारचा," मी सांगितलं. तेव्हा कुठे त्यांना ओळख पटली.