मास्कवरचा ओरखडा

बहिणीची हॉकीची बॅग उघडली, की घामाचा आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास येतो अन् मला ती दुपार आठवते. परदेशात ज्युनिअर मुलींची आंतरराष्ट्रीय स्पर्धा चालली होती आणि डोंगरकड्याच्या शिवारात, मेंढ्यांच्या वाड्याजवळ बसून आम्ही मोबाईलवर तिची मॅच बघत होतो. समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला. अशा वेळी तोंडाला मास्क बांधून थेट चेंडूवर धावून जायचं, हेच तिचं काम. ती धावली, चेंडू तोंडावर बसला आणि ती पडली ती उठेचना. बाबांनी मॅच बंद करून मोबाईल टॉवेलात गुंडाळला. "लावा की, उठली का बघू," मी म्हणालो. "नको," आई म्हणाली, "बघत न्हाई तोवर लेकरू बराबर हाय." दिवस कलताना टॉवेलात फोन वाजायला लागला, तर बाबा हात लावेनात. शेवटी आईनं उचलून स्पीकरवर टाकला. "जिंकलो आमी," पलीकडून बहीण म्हणाली, "बाबा मॅच बघत होते ना?" बाबा म्हणाले, "व्हय, समदी बघितली." उद्या ती पुन्हा निघालीय. बॅग भरताना मास्कवरचा खोल ओरखडा माझ्या बोटाला लागला. बाबांनी मॅचचा दिवस विचारून घेतला आणि म्हणाले, "त्या दिवशी मी मेंढ्या लांब नेतो. तिकडं रेंज न्हाई."